जेसीबी बोलावण्याआधी: नागपुरात घरच्या पूल-जकुझीचे नियम

होळी पेटली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मी नकाशा मंजुरीची कामं करतो. पलीकडे बहुतेक वेळा शहरात नव्यानं आलेलं कुटुंब असतं. कुणी मिहानमधल्या कंपनीत, कुणी एम्समध्ये. वर्धा रोडकडे बंगला घेतलेला असतो, मागे थोडी जागा असते आणि मुलांसाठी 'छोटासाच' स्विमिंग पूल टाकायचा असतो. 'परवानगी लागते का हो? ठेकेदार तर म्हणतो, काहीच लागत नाही.'

ठेकेदाराचं म्हणणं अर्धं खरं असतं. स्विमिंग पूलचा परवाना अशा नावाचा एकच कागद शोधायला गेलात तर खिडकी-खिडकी फिराल. नियम आहेत, पण विखुरलेले आहेत. थोडे नगररचनेत, थोडे नळाच्या बिलात, थोडे विजेच्या मीटरमागे, एखादा झाडाच्या बुंध्याशी आणि एक चक्क डासांच्या खात्यात. ते ज्या क्रमानं आडवे येतात, त्याच क्रमानं सांगतो.

एक बारीक सूचना आधीच. अर्जात 'पूल' लिहू नका, 'जलतरण तलाव' लिहा. सरकारी मराठीत पूल म्हणजे नाल्यावरचा पूल. मागच्या अंगणात पूल कशाला, असा प्रश्न मी एकदा खरोखर ऐकलेला आहे.

तुमचं घर कुणाच्या हद्दीत आहे?

पत्त्यात 'नागपूर' लिहिलंय म्हणजे घर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे असं नाही. मनपाचे दहा झोन आहेत. शहरातल्या बऱ्याच लेआउटचा इतिहास नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या दप्तरात आहे. शहराबाहेरच्या पट्ट्यात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए येतं. त्यातच बेसा-पिपळ्यासारखी नगरपंचायतही आहे. मनीषनगरकडून बेसा, बेलतरोडीकडे गाडी नेली तर दहा मिनिटांत कार्यालय बदलतं. म्हणून पहिलं काम हेच: खरेदीखत, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावा. मंजूर नकाशावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे, चौकशी तिथून सुरू करा.

जुन्या लेआउटमधलं घर घेतलं असेल तर शेजारी हमखास विचारतील, 'आरएल आहे का?' आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. गुंठेवारी पद्धतीनं पडलेले प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे अशा अनधिकृत लेआउटच्या दोन गटांचे आकडे लोक लेआउटच्या नावासारखेच उच्चारतात. आरएल नसेल, किंवा घरच मंजूर नकाशापेक्षा मोठं बांधलेलं असेल, तर जलतरण तलावाचा अर्ज करू नका. आधी घर सरळ करा. नाहीतर पोहण्याच्या हौसेपायी वरच्या मजल्यावरच्या वाढीव खोलीची फाइल तुम्ही स्वतःच उघडून द्याल.

खड्डा हाच 'विकास'

लोक इथेच फसतात. 'भिंती नाहीत, छत नाही, नुसता खड्डा आहे,' असं ते म्हणतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या जमिनीवरच्या कामापुरती नाही. जमिनीत, जमिनीवर आणि जमिनीखाली केलेलं बांधकाम आणि अभियांत्रिकी काम, सगळं तिच्यात येतं. चार-साडेचार फूट खोल आरसीसीची टाकी हे जमिनीखालचं अभियांत्रिकी काम नाही, असं कुठल्याच अभियंत्यापुढे म्हणता येणार नाही.

दिलासा दुसरीकडे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत आच्छादित क्षेत्राची, म्हणजे इमारतीनं व्यापलेल्या जमिनीची, व्याख्या करताना विहीर, कारंजं, झाडाचा पार यांच्याबरोबर उघडा जलतरण तलावही वगळलेला आहे. उघडा या शब्दावर सगळं अडतं. वर पत्र्याची शेड, फॅब्रिकेशनची जाळी किंवा कपडे बदलायची पक्की खोली आली की हिशोब पालटतो आणि चटईक्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येतं याचा, प्रश्न उभा राहतो. ऊन लागतं म्हणून नंतर शेड टाकू, असा विचार असेल तर तो पहिल्याच नकाशात दाखवा.

मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आर्किटेक्ट तिला यूडीसीपीआर म्हणतात. प्लॉटच्या चौफेर सोडायचं मार्जिन, त्यात काय चालतं आणि काय नाही, हे त्यातून ठरतं. नियमात बसतं तेवढ्यावर मी थांबत नाही. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की तलाव जितका खोल, निदान तितकं अंतर कंपाऊंडच्या भिंतीपासून आणि घराच्या पायव्यापासून सोडायचं. पाच फूट खोल तर पाच फूट दूर. शेजाऱ्याच्या भिंतीचा पाया अडीच फुटांवर असतो आणि तुम्ही त्याच्या बगलेत पाच फूट उतरता, तेव्हा माती तुमच्या खड्ड्याकडे सरकायला बघतेच. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटरवर, घर आणि मार्जिन वजा केलं की पोहण्याइतकी जागा बहुधा उरतच नाही. तिथे पुलाचा नाद सोडा, जकुझीचं, म्हणजे गरम पाण्याच्या टबाचं, बघू.

अर्ज नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत, ऑनलाइन होतो. घर नवं असेल तर घराच्याच नकाशात तलाव दाखवा. घर उभं असेल तर सुधारित नकाशा लागतो. त्यात तलावाची लांबी-रुंदी-खोली, भिंतीपासूनची अंतरं, पंपघर, सांडपाणी कुठे जाणार ती रेष आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन हवं. नगररचना कायद्यात ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. तिच्यावर उड्या मारू नका. प्रस्ताव नियमात बसणारा असेल तरच तिचा उपयोग होतो. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, एका वर्षापुरतं असतं, पुढे नूतनीकरण करता येतं. काम झालं की पूर्णत्वाचा दाखला घ्या. घर विकताना बँकेचा वकील मंजूर नकाशा आणि जागेवरची स्थिती ताडून बघतो, तेव्हा या कागदाची किंमत कळते.

विनापरवाना काम सापडलं तर पाडण्याची नोटीस येतेच, शिवाय त्याच कायद्याच्या कलम ५२ खाली शिक्षेची तरतूद आहे. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी शनिवारी जेसीबी बोलावला, कार्यालयं बंद असतात म्हणून. रविवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या कंपाऊंडला तडा गेला. सोमवारी सकाळी काकू तक्रार घेऊन हजर. काम थांबलं ते पावसाळाभर, आणि खड्ड्यात बेडूक पोहले.

खोदताना दोन गोष्टी वाटेत येतात. मधे झाड येत असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, मनपा हद्दीत उद्यान विभागाकडून. झाड स्वतः लावलेलं असलं तरी सुटका नाही. आणि निघालेला मुरूम. तो त्याच प्लॉटवर भरावाला वापरता येतो. ट्रकनं बाहेर न्यायचा तर मुरूम गौण खनिजात मोडतो, म्हणून तहसील कार्यालयात विचारून घ्या. रस्त्याच्या कडेला ढीग टाकलात तर मनपाचं उपद्रव शोध पथक आहेच.

नागपूरची माती

परवानगीचे कागद लोक निदान विचारतात तरी. मातीबद्दल कुणी विचारत नाही, आणि पैसे बुडतात ते तिथेच.

शहराच्या पश्चिमेकडे खाली बेसाल्टचा काळा खडक आहे आणि त्यावर अनेक ठिकाणी काळी माती. पूर्वेकडे, कन्हानच्या बाजूला सरकलं की जमिनीचा स्वभाव बदलतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा आठवा. त्यात हात जातो. हीच माती तुमच्या टाकीला वर्षातून एकदा दाबते आणि एकदा सोडते. साध्या विटांच्या भिंतीवर टाइल लावून केलेला पूल दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कोपऱ्यात फाटतो, तो यामुळे. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम-गिट्टीचा थर, त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, आणि मग सळईचं आरसीसी. पाणी धरणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० आणि भूमिगत टाक्या व जलतरण तलावांच्या वॉटरप्रूफिंगसाठी आयएस ६४९४ ही भारतीय मानकं आहेत. ठेकेदाराला हे आकडे विचारा. माहीत नसतील तर दुसरा ठेकेदार शोधा.

दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे. पावसाळ्यात भूजल वर येतं. त्याच वेळी साफसफाईसाठी पूल रिकामा केला तर खालचं पाणी टाकीला होडीसारखं वर ढकलतं. हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. रिकामी टाकी खरोखर उचलली जाते आणि पाइप तुटतात. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि जुलै ते सप्टेंबर पूल पूर्ण रिकामा करू नका.

नाग नदी किंवा नाल्याच्या जवळ घर असेल तर निळी पूररेषा, म्हणजे पुराच्या पट्ट्याची हद्द, कुठून जाते ते नगररचना विभागात आधी बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी घरांत शिरलं होतं. अशा ठिकाणी पंप आणि फिल्टर खड्ड्यातल्या खोलीत ठेवणं म्हणजे ते गाळाला अर्पण करणं. ओटा बांधा, वर ठेवा.

पाणी आणायचं कुठून, सोडायचं कुठे

हिशोब सोपा आहे. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल म्हणजे २५,२०० लिटर. नळाच्या बिलात एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे एकदा भरायला २५ युनिटं. दर टप्प्याटप्प्यानं वाढत जातात, त्यामुळे तो महिना बिलात ठळक दिसतो. शहराला पाणी येतं ते मुख्यतः पेंच आणि कन्हानवरून. ज्या वर्षी पेंचचा साठा घटतो, त्या वर्षी घरच्या पुलाकडे वस्तीतल्या नजरा वळतात, आणि त्यात गैर काही नाही. मुख्य वाहिनीला टुल्लू पंप लावून पूल भरायचा विचारही करू नका, पंप जप्त होतो. बोअरचं पाणी घेणार असाल तर आधी तपासून घ्या. इथे ते बऱ्याचदा जड असतं, टाइलवर पांढरा थर बसतो आणि हीटरची कॉइल वर्षभरात खाऊन टाकतो.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. अशा दिवसांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण सेंटीमीटरभर उतरते. वरच्या मापाच्या पुलात ते रोजचं १८० लिटर झालं. रात्री आणि वापर नसताना आच्छादन घातलं की यातलं पुष्कळ वाचतं, क्लोरीनही. पाणी दर वर्षी बदलायची गरज नाही, फिल्टर आणि रसायनं नीट सांभाळली तर तेच पाणी चालतं. पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम, हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. पीएच उतरवायचं आम्ल आणि क्लोरीनची पावडर एकाच बादलीत कधीही कालवू नका. त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत.

पूल रिकामा करायचा झाल्यास क्लोरीन टाकणं थांबवून पाणी काही दिवस उन्हात राहू द्या, मग बागेला सोडा. फिल्टरच्या उलट्या धुलाईचं गढूळ पाणी गटाराच्या चेंबरला जोडा, पावसाळी नालीला नाही. ती नाली पुढे नाग नदीला मिळते. रस्त्यावर तर मुळीच नाही. पहिली तक्रार तिथूनच येते.

वीज, आणि मुलं

महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करायचा, हे एक वाक्यात सांगून होतं. हीटर मोठा असेल तर थ्री-फेज घ्यावा लागेल. खरी काळजी आतल्या वायरिंगची. पुलाच्या सर्किटला ३० मिलिअँपियरचा स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, त्यांचा ट्रान्सफॉर्मर दूर कोरड्या जागी. काठापासून साडेतीन मीटरच्या आत साधा सॉकेट नको. नागपूरकराला हे वेगळं समजवायला नको खरं तर. कूलरच्या पत्र्याला हात लावून झटका बसल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात, आणि इथे तर माणूस अख्खा पाण्यात असतो. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या, 'आहे ना साहेब, बिनधास्त राहा' यावर सोडू नका.

नियमात असो-नसो, चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लावाच. आडव्या पट्ट्यांचं नको, मुलं त्यावर शिडीसारखी चढतात. तळाला पाणी ओढणारी तोंडं दोन ठेवा, एकमेकांपासून दूर, जाळीसकट. एकाच तोंडाच्या ओढीला लहान मुलाचा हात किंवा केस अडकले तर मोठ्या माणसालाही सोडवता येत नाहीत.

जकुझी: गच्चीवरची हौस

थंडीत इथे पारा दहाच्या खाली जातो, त्यामुळे गरम पाण्याच्या टबाची हौस अगदीच उसनी नाही. मागच्या अंगणात पक्क्या ओट्यावर आयता टब ठेवला तर खोदकाम नाही, बांधकाम नाही, नकाशाचा प्रश्न सहसा येत नाही. वीज आणि सांडपाणी एवढंच बघायचं. पण फ्लॅटवाल्यांना तो गच्चीवर हवा असतो.

माणसं वावरतात त्या गच्चीसाठी आयएस ८७५ प्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वावराचा भार धरतात. पाणी ८० सेंटीमीटर उभं राहिलं की त्याच एका चौरस मीटरवर ८०० किलो येतात. त्यात टबाचं आणि आतल्या माणसांचं वजन धरलेलं नाही. 'गच्चीवर सिंटेक्सच्या टाक्या नाहीत का?' असं विचारलं जातं. आहेत, पण त्या कॉलम-बीमच्या डोक्यावर, त्यासाठीच केलेल्या ओट्यावर असतात. इमारतीचं मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि इंजिनिअरची लेखी सही, हे दोन्ही नसेल तर विषय तिथेच संपवा.

शिवाय गच्ची तुमची एकट्याची आहे का? नागपुरातल्या अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डिक्लेरेशन, म्हणजे कुणाचं काय आणि सामाईक काय हे लिहिलेला दस्त, करून झालेल्या आहेत. त्या डिक्लेरेशनमध्ये गच्ची सामाईक लिहिली असेल तर बाकीच्यांची संमती लेखी घ्या. बिल्डरनं 'टेरेस तुमचीच' असं तोंडी सांगितलं असेल, तर त्या बोलण्याला कागदाचं वजन नसतं.

खर्चाचंही ऐकून ठेवा. १००० लिटर पाणी २० अंशांवरून ३८ वर न्यायला जवळपास २१ युनिटं वीज लागते आणि ३ किलोवॅटचा हीटर सात तास चालतो. म्हणून झाकणावर पैसे वाचवू नका. तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. गरोदर बाई आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. कोमट पाण्यात जंतू झपाट्यानं वाढतात, त्यात न्यूमोनिया करणारा लिजनेलाही असतो. त्यामुळे टबातला क्लोरीन पुलापेक्षा जास्त, निदान ३ पीपीएम ठेवावा लागतो.

डासांचं खातं

पावसाळ्यात मनपाचे आरोग्य कर्मचारी घरोघर येतात आणि कूलरच्या टाकीत टॉर्च मारून अळ्या बघतात. पूल दिसला तर तोही बघणारच. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो. तुम्ही दिवाळीला पंधरा दिवस गावी गेलात आणि फिल्टर बंद ठेवलात, की गल्लीभर पुरतील इतके डास तयार. टायमर लावून फिल्टर रोज चालू ठेवा. अळ्या खाणारे गप्पी मासे फुकट मिळतात म्हणून पुलात सोडणारे एक आजोबा मी पाहिलेत. क्लोरीनमध्ये ते बिचारे संध्याकाळपर्यंतही टिकले नाहीत.

फार्महाऊसवाल्यांसाठी दोन शब्द

काटोल रोड, उमरेड रोडला शेत घेऊन पूल बांधायचा असेल तर दोन चुका टाळा. शेतीच्या पंपाच्या वीजजोडणीवर पूल भरला किंवा फिल्टर चालवला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. वेगळं मीटर घ्या. दुसरं, 'रिकामाच असतो' म्हणून पूल तासावर पार्टीला देऊ नका. भाडं घेतलं की तो घरचा पूल राहत नाही. वापर व्यावसायिक होतो, वीजदर बदलतो आणि कुणी बुडालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

आता वेळेचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्ज टाका, पाऊस ओसरल्यावर जानेवारीत खोदा. काँक्रीट थंडीत निवांत क्युअर होतं. टाकी आधी टाइलशिवाय भरून आठवडाभर पातळी बघा, गळत असेल तर तेव्हाच कळतं. मग टाइल, वीज, कुंपण, आणि होळीला पाणी. हा लेख तुम्ही एप्रिलमध्ये वाचत असाल तर यंदा कूलरवर भागवा आणि तोवर आखीव पत्रिका काढून आणा.